शेवंती रुसल्याचा गूळ

"…तर मग परत घेता ना तिला?"

भास्करगुरुजींनी पुन्हा विचारलं. जिजी सुपात तूरडाळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

आमच्या गावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात जिजीचं बालगृह आहे. ज्यांचं कुणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशी पोरं तिथं राहतात. त्यांचा किराणा माझ्या दुकानातून जातो. त्या दिवशी पोती उतरवून घेत मी ओट्यावर उभा होतो, म्हणून हे बोलणं कानावर पडलं. दुकानदाराचे कान, मिटायची सवय नसते त्यांना.

गुरुजी आमच्या हायस्कुलात संस्कृत शिकवतात. दर गुरुवारी जिजीपाशी येऊन बसतात. जिजीनं आजवर कुणाला मंत्र दिला नाही, कुणाच्या गळ्यात माळ घातली नाही. तरी गुरुजी स्वतःला तिचे शिष्य म्हणवतात. कुणी पट्टशिष्य म्हटलं, तर नाही म्हणत नाहीत.

त्यांना मूलबाळ नाही. बालकल्याण समितीनं गेल्या उन्हाळ्यात जिजीकडची शेवंती त्यांच्या घरी सांभाळायला दिली. नऊएक वर्षांची, सावळी, हळू बोलणारी.

आता ती फाटकाबाहेर कडुनिंबाखालच्या दगडावर बसली होती. मांडीवर कपड्यांची पिशवी. तोंड रस्त्याकडे.

"समितीपुढे काय सांगायचं ते मी सांगेन," गुरुजी म्हणाले. "आधी तुम्ही हो म्हणा."

"सुमती काय म्हणते?"

सुमती म्हणजे गुरुजींची बायको.

"ती रडते. तिचं सोडा हो. जिजी, सुरुवातीला पोर काय होती! सोनं! बस म्हटलं की बसायची. वाढलं ते खायची. एका हाकेला ओ. मी शाळेत सांगायचो सगळ्यांना, मूल असावं तर असं."

"आणि आता?"

"आता दगड."

जिजीनं सूप खाली ठेवलं.

तेवढ्यात अंगणातल्या पोरांना गुरुजी दिसले. काका आले, काका आले, करत सगळी धावली. कुणी बोट धरलं, कुणी पाय. पूनम म्हणून एक चिमुरडी आहे, ती सरळ गुडघ्याला मिठी मारून उभी राहिली.

गुरुजींचा चेहरा खुलला.

"बघा! ही लेकरं मला गुरुवारपुरतीच ओळखतात, तरी कशी बिलगतात. म्हणजे माझ्यात काही खोट नाही, जिजी. आणि ती तिकडे पाठ करून बसली आहे!"

"गॅसवाल्यालाही बिलगतात," स्वयंपाकघरातून कौसाबाई म्हणाली. ती तिथली स्वयंपाकीण. बाईचा हात भाकरीवर असतो आणि तोंड जगावर. "काल विजेचं मीटर बघायला माणूस आला होता. त्याला तर सोडतच नव्हती. बिचाऱ्याला मीटर दिसेना."

गुरुजी हसले नाहीत. पूनमची मिठी हळूच सोडवून त्यांनी पँट झटकली.

जिजी पूनमकडे बघत राहिली…

आमचे वडील मला गल्ल्यावर बसवायला लागले, तेव्हा एक गोष्ट सांगायचे. जे गिऱ्हाईक भावावरून भांडतं, डाळीत खडे निघाले म्हणून चार लोकांत तुझी अब्रू काढतं, त्याला चहा सांग. आणि जे काही न बोलता पुडी उचलून जातं, त्याची पाठ नीट बघून घे. पुन्हा दिसायची नाही.

उगाच आठवलं. असो.

"मी रागावलो मात्र नाही हं, जिजी," गुरुजी म्हणाले. "एकदाही नाही. मन हलू दिलं नाही. तुमच्याकडूनच शिकलो ते."

"माझ्याकडून?"

"एवढ्या पोरांचा कालवा, पण तुमच्या कपाळाला आठी नाही. मी बघत असतो ना दर गुरुवारी."

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, भास्कर. उजव्यानं कमी येतं."

आत कौसाबाईची भाकरी तव्याऐवजी कुठंतरी भलतीकडे पडल्याचा आवाज झाला.

"दगड म्हणजे करते काय ती?" जिजीनं विचारलं.

"काय करते म्हणजे… ताटावर येत नाही. आली तर माझ्याकडे पाठ करून बसते. हाक मारली तर धान्याच्या कोठीमागे जाऊन बसते. सुमतीशी बोलते, माझ्याशी नाही. आणि परवा, जिजी, परवा कारल्याची भाजी वाढली तर ताट ढकललं! माझ्यादेखत!"

कौसाबाई दारात आली. हात पिठात माखलेले.

"कोण? शेवंतीनं?"

"मग कोण?"

"कारल्याचं?"

"हो!"

"अहो गुरुजी, माझ्या कारल्याला या घरात एकच पोर चांगलं म्हणायची. ती शेवंती. बाकीची डोळे मिटून गिळतात. ती हसून खायची. आणखी वाढू का म्हटलं, तर वाढ म्हणायची." कौसाबाईनं पदराला हात पुसले. "मला आपलं वाटायचं, हाताला चव आहे माझ्या."

ती आत गेली नाही. तशीच दाराला टेकून उभी राहिली.

"चार वर्षं होती इथं," जिजी म्हणाली. "कशाला नको म्हणाली नाही."

"तेच तर म्हणतो मी!"

"रात्री अंथरुणावर पडली की मला विचारायची… जिजी, आज माझं काही चुकलं का? नाही म्हटलं की मग डोळे मिटायची."

"किती गुणी!"

"रोज विचारायची, भास्कर."

अंगणात पोरं खेळत होती. एवढी पोरं, पण भांडणाचा आवाज नव्हता. एकाचा डाव दुसऱ्यानं घेतला, तर पहिला मुकाट बाजूला व्हायचा.

"काय झालं होतं?" जिजीनं विचारलं.

"कधी?"

"दगड झाली त्याआधी."

"काही नाही हो. किरकोळ."

"किरकोळ काय?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

"शाळेचं स्नेहसंमेलन होतं तिच्या. नाटकात काम होतं. वडाच्या झाडाचं. एकच वाक्य."

"कुठलं?"

"मला काय ठाऊक? मी… मी नव्हतो ना तिथं. येतो म्हणालो होतो, पण नाही जमलं. सुमती सांगत होती, वाक्य म्हणायच्या आधी ही नुसतीच उभी. मांडवाच्या दाराकडे बघत. खाली पोरं हसायला लागली. बाईंनी पडद्याआडून दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं तोंड उघडलं."

"तू कुठं होतास?"

"वाचनालयात. व्याख्यान होतं."

"कुणाचं?"

"माझंच."

"कशावर?"

गुरुजींनी पुन्हा चष्मा काढला.

"मनःशांतीवर."

कौसाबाईनं तोंडाला पदर लावला. मीही पोत्यांकडे वळलो.

जिजी हसली नाही.

"घरी आल्यावर तू काय म्हणालास तिला?"

"म्हटलं, एवढ्याशा गोष्टीचं मनाला लावून घेऊ नये. तेव्हापासून हे असं. जेवली नाही, तर मी शांतपणे माझं जेवून घेतो. लाड केले तर सवय लागेल. आपोआप येईल ताळ्यावर, असं म्हणून वाट पाहिली. येत नाही. काल म्हणाली, मला तुमच्या घरात राहायचंच नाही. म्हटलं, ठीक आहे. पिशवी भर."

"भरली?"

"लगेच! डोळ्यांतून टिपूस नाही. आता बोला."

जिजी पुढं सरकली. डावा कान बहिरा, म्हणून उजवा गुरुजींकडे केला.

"म्हणजे रुसली?"

"रुसली म्हणा हवं तर."

"नक्की रुसली?"

"अहो, म्हणजे काय!"

"तुझ्यावर?"

"मग काय शेजाऱ्यावर?"

जिजीनं डोळे मिटले.

मग ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरून. आणि तिनं आवाज दिला.

"कौसा, गुळाची ढेप फोड. सगळ्यांना दे."

"आत्ता? जेवणाच्या तोंडावर?"

"आत्ता."

गूळ म्हणताच अंगण रिकामं झालं. पोरं ओळीनं उभी राहिली. ढकलाढकली नाही, पुढं घुसणं नाही. हात पुढं, खडा हातात, पुढचा हात.

"कशाचा गूळ, जिजी?" कुणीतरी विचारलं.

"शेवंती रुसली त्याचा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग फाटकाकडे. गूळ तोंडात घालायचं विसरून एकदोघी नुसत्याच तिकडे बघत राहिल्या.

गुरुजींच्या हातावरही जिजीनं खडा ठेवला. ते चिडलेच.

"जिजी, मी गाऱ्हाणं घेऊन आलोय, आणि तुम्ही गूळ वाटता?"



पूनमनं गुरुजींची पँट ओढली. गालात गूळ होता, त्यामुळे बोलणं जरा चिकट.

"काका…"

"काय गं?"

"रुसल्यावर कोठीमागे ताट कोण आणून देतं?"

…

ओळीतली सगळी पोरं गुरुजींकडे बघायला लागली. त्यांना खरोखरच ऐकायचं होतं.



"सांगा ना, काका. तुम्ही देता?"

हातातला गूळ त्यांनी मुठीत धरला. उन्हात उभे असल्यासारखा चेहरा लाल झाला होता त्यांचा, आणि ओट्यावर तर सावली होती.

"कौसाबाई," ते म्हणाले. "एक ताट द्या."

कौसाबाईनं ताट वाढलं. गरम भाकरी, उडदाचं वरण, कांदा. वरून एक गुळाचा खडा. आणि एवढं देऊन हळूच म्हणाली, "कारलं नाही घातलं हो."

गुरुजी ताट घेऊन निघाले. ताट धरायची सवय नसलेला माणूस. वरण कडेला येत होतं. आम्ही सगळे ओट्यावरून बघत होतो.

ते शेवंतीपुढं जाऊन उभे राहिले. काही बोलले. शेवंतीनं तोंड दुसऱ्या बाजूला केलं.

ते वळसा घालून त्या बाजूला गेले. तिनं तोंड पुन्हा फिरवलं.

मग गुरुजी खाली बसले. इस्त्रीच्या पँटीसकट, मातीत. ताट दोन्ही हातांनी पुढं धरलं. बराच वेळ धरलं… शेवंतीनं पिशवी छातीशी घट्ट आवळली. मग तिच्या तोंडून काहीतरी निघालं. लांबून ऐकू आलं नाही, पण तिचे खांदे हलताना दिसले.

मग गुरुजींनी ताट दगडावर ठेवलं, उठले, आणि मान खाली घालून ओट्याकडे परत आले.



"जिजी," ते म्हणाले. डोळे भरले होते, आणि ते लपवायचं भान नव्हतं. "मला तिला घरी न्यायचंय. खरंच न्यायचंय. तसं सांगितलं तिला. चुकलो म्हटलं, पुन्हा असं करणार नाही म्हटलं. घरी चल, दोघं मिळून जेवू म्हटलं."

"मग?"

"ऐकत नाही हो. रडते नुसती. म्हणाली… जा तुम्ही. माझ्याशी नका बोलू. जा."

"आणि?"

"आणि काय… आलो."

जिजीनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून, पुन्हा सूप हातात घेत म्हणाली,

"ती जा म्हणाली… आणि तू आलास?"