कवडीबेटाचा पाहुणचार

कवडीबेटावर गोड्या पाण्याची विहीर एकच. तिथे चारशे खोल्यांचं हॉटेल उभारायला निघालेले बिल्डर रणदिवेसाहेब ऐन वैशाखात ग्रामसभेत तासभर बोलले. "विकास नको म्हणणारे मागासच राहतात!" असं सुनावून त्यांनी घाम पुसला आणि पाणी मागितलं.

सरपंच हिरूबाई तांडेल यांनी अदबीने वाटीभर पाणी पुढे केलं.

"एवढंच? थट्टा करताय माझी?"

"नाही साहेब. तुमच्या चारशे खोल्या भरल्या की या विहिरीतून माणशी एवढंच येईल. तुम्ही पहिले पाहुणे, म्हणून तुमचा दिवसभराचा वाटा आधी दिला. अंघोळही यातच उरका."

सभा खदखदून हसली. रणदिवेसाहेबांनी वाटी रिकामी केली, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि हॉटेलचा नकाशा गुंडाळला.

"हॉटेल राहू द्या, बाई. तेवढा एक तांब्या भरून द्या."