पेल्याच्या बुडाशी बकुळफूल

“पांढऱ्या पायाची आहे हो! घरात आली आणि पेला न् पेला तडकू लागला,” सासूबाई आत्याबाईंच्या कानाशी लागल्या होत्या. दाराआड माती मळणाऱ्या बकुळेने आपले पाय पाहिले. पांढरेच होते. दिवसभर चिनी माती तुडवल्यावर दुसरे कसे असणार?

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि शाप वंशाला पुरत, तिथली ही गोष्ट. राजाची तहान फक्त या कुंभार घराण्याच्या कार्यशाळेत घडलेल्या पेल्यानेच भागेल, असा राजवंशाला मांत्रिकाचा शाप होता. मामंजींचे हात कापू लागले, तेव्हापासून चाकावर बकुळा बसे. बुडाशी खूण मात्र मामंजींचीच उमटे. घराण्याची रीत!

सासूबाईंची कुजबूज दरबारापर्यंत पोचली. तहानेने व्याकूळ राजाने फर्मावले, “तीन पेले आणा. तिन्ही गळले, तर ती सून राज्याच्या वेशीबाहेर.”

पहिला पेला पाकळीसारखा पातळ झाला. पाणी ओतताच तडकला. दुसरा घंटेसारखा वाजला. तोही तडकला.

तेव्हा छपरावरची साळुंकी बोलली, “शापाची दुसरी ओळ कोणी ऐकलीच नाही. ज्या पेल्यावर घडवणाऱ्याची खूण नसेल, तो पाणी धरणार नाही.”

बकुळेने तिसऱ्या पेल्याच्या ओल्या बुडावर बकुळफूल कोरले.

“हे काय?” मामंजी गरजले.

“शापाची अटच तशी आहे, मामंजी.”

“सुनांच्या खुणा बुडाला नसतात!” त्यांनी फूल अंगठ्याने पुसले, आपला ठसा दाबला.

पण चिनी माती विसरत नाही. ओलेपणी जे सोसले, ते आगीत वर येते. भट्टी उघडली तेव्हा ठसा विरला होता आणि फूल उमलले होते.

दरबारात पेल्याने पाणी धरले. राजाने विचारले, “हे फूल कोणाचे?”

“आमच्या घराण्याचे, महाराज,” मामंजी म्हणाले. तत्क्षणी पेल्यावर तडा धावू लागला. राजाच्या ओठांशी आलेले पाणी ठिबकू लागले.

“माझे,” बकुळा म्हणाली.

तडा सांधला. राजा घटाघटा प्याला, आणि इतक्या दिवसांची तहान शमली. त्या दिवसापासून राज्यात ज्याचे हात, त्याचीच खूण, असा कायदा झाला.

सासूबाई लगबगीने पुढे आल्या. “मी म्हणतच होते! सुनेचा पायगुणच चांगला!”

बकुळा भर दरबारात म्हणाली, “पायगुण नव्हे, सासूबाई. हात. आणि पाय पांढरे कशाने होतात, ते उद्या माती तुडवायला या, म्हणजे कळेल.”