कर्ता कोण?

शाळेत मराठी व्याकरण शिकवणाऱ्या मृण्मयी टिळेकर नोकरी सोडून एका ब्रोकरच्या ऑफिसात इंटर्न झाल्या. कोणता शेअर घ्यावा हे शोधणाऱ्या विभागात त्यांना कायमचं शिरायचं होतं.

शेवटच्या दिवशी विभागप्रमुख खांडेपारकर म्हणाले, "बाई, इथं व्याकरण काय कामाचं? मला बघा. यंदा मी चार शेअर अचूक हेरले. एक तेवढा आपटला."

"बघा ना, साहेब! हेरले, तिथं कर्ता तुम्ही. आपटला, तिथं कर्ता शेअर! कंपन्याही असंच लिहितात. नफा 'आम्ही कमावला', तोटा मात्र 'झाला'. तो करणारा कुठं दडलाय, हे मी शोधते."

साहेब खो खो हसले. "बरं, तुम्हाला नोकरी देण्यात येईल."

"कर्ता?"

"मी देतो, बाई, मी!"