सोन्याची पालखी आणि माथ्यावरची फुगडी

एका राज्यात राजापेक्षा डोंगराचा मान मोठा होता. दर वैशाखात राजाने आपल्या लेकराला घेऊन अनवाणी डोंगर चढावा, माथ्यावर त्याच्याशी फुगडी खेळावी, मगच डोंगराचे झरे वाहावेत, असा तिथला रिवाज. राजा महीधरही आपली एकुलती एक कन्या शलाका हिच्यासंगे दर उन्हाळ्यात असाच नाचत असे.

मग करालनाथ नावाचा मायावी आला. त्याने राजाला सोन्याची पालखी नजर केली. म्हणाला, "राजाने घाम गाळणे शोभत नाही." दरबाऱ्यांनी माना डोलावल्या, माना डोलवायला त्यांचे काय जाते! राजा पालखीत बसला तो बसलाच. पालखी शापित होती. तिच्यात बसणाऱ्याचे पाय लाकडाचे होत. शलाका उन्हाळ्यामागून उन्हाळे माथ्यावर एकटीच वाट पाहत राहिली. झरे आटले, गुरे तडफडली, आणि राजा पडद्याआडून विचारी, "आज ऊन फार आहे का?"

ते ऐकून शलाकेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती थेट करालनाथापुढे उभी ठाकली.

"माझ्या पित्याला सोड."

"पालखी फोड," मायावी हसून म्हणाला. "राजाला त्याच्याच पायांनी डोंगर चढव. माथ्यावर नाचव. तिन्ही साधले तर मी राज्य सोडीन. नाहीतर तूही याच पालखीत बसशील."

शलाकेने कुऱ्हाड उचलली. एक दांडी तोडावी, तर ती पुन्हा सांधली जाई. पालखीच्या कळसावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला, "राजकन्ये, बापाला लागेल म्हणून तू हात आखडतेस. आखडत्या हाताचा घाव ही पालखी भरून काढते."

"लागू दे मग!" शलाका कडाडली. पुढच्याच घावाला पालखीचे तुकडे झाले आणि राजा धुळीत पडला.

"कन्ये, माझे पाय लाकडाचे आहेत."

"असू देत. आपलेच आहेत. उठा!"

राजा उठला. करवंदीच्या जाळ्यांतून, तापलेल्या कातळावरून तो पडत, धडपडत चढू लागला. सेवकाने छत्री आणली, ती शलाकेने मोडून दरीत भिरकावली. तिने बापाला हात दिला नाही. संतापाने तिचे डोळे भरून येत होते. कातळाचा चटका बसे तिथे लाकडाची कातडी होई आणि राजा कळवळे.

माथ्यावर दोघांनी पाय जुळवले, हातांची फुली घातली. पण बापाचे सोललेले तळवे पाहून शलाकेने अंग सावरून धरले आणि पहिल्याच फेऱ्यात दोघे कोसळले. मागोमाग माथ्यावर आलेला करालनाथ खदखदून हसला. पालखीचे तुकडे आपसूक डोंगर चढू लागले.

"शलाके, तू अंग चोरते आहेस," राजा म्हणाला. "फुगडीत एकाने अंग चोरले की दोघेही पडतात."

"आपण इतकी वर्षे चोरलेत त्याचे काय?"

राजाची मान खाली गेली. "चूक माझी आहे. जेवढा राग असेल तेवढ्या जोराने ओढ. मी हात सोडणार नाही."

शलाकेने दात-ओठ खाऊन अंग मागे झोकले. राजानेही झोकले. डोंगर गरगरला, आकाश गरगरले, तरी हात सुटले नाहीत. कातळ फुटला आणि झरे खळाळत खाली धावले. पालखीच्या तुकड्यांचा पाचोळा झाला. करालनाथ पाठ फिरवून राज्याबाहेर चालता झाला. खाली गावोगावी लोक घागरी घेऊन पळाले, गुरे पाण्याला लागली, आणि रिवाज पुन्हा रिवाजासारखा चालू झाला.

धापा टाकत राजाने विचारले, "शाप सुटला. तुझा राग गेला का?"

"नाही," शलाका म्हणाली.

राजाने रक्ताळलेले पाय पुन्हा तिच्या पायांना जुळवले आणि दोन्ही हात पुढे केले.