जन्मभराचं तेल

“सून गरीब आहे हो, घरात आहे की नाही तेही कळत नाही,” सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या. दाराआड मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. नवरा बोटीवर गेल्यापासून माझ्याशी सगळ्यांत जास्त बोलायचा तो कुकर.

आज लग्नानंतर पहिल्यांदा चिपळूणला, आईकडे जायचं होतं. पण सासऱ्यांची भारीतली ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली, आणि ते म्हणाले, “अशा गाडीनं घाट नको. माहेर पुढच्या महिन्यात.”

अंगणात दिगंबर मेस्त्री विनवत होते, “अण्णा, गिअरबॉक्सचं तेल बघू तरी द्या. खराब असेल तर बदलतो, संध्याकाळी निघाल.”

“अहो, ही काय रिक्षा आहे? यातलं तेल जन्मभराचं असतं. कंपनीनं तेल बघायची पट्टीसुद्धा ठेवलेली नाही. तपासायचं कशाला?”

मेस्त्री हत्यारं आवरू लागले. चहाचा कप पुढे करत मी म्हणाले, “अण्णा, रक्तसुद्धा जन्मभराचंच असतं, त्यालाही देवानं पट्टी ठेवलेली नाही. तरी साखर तपासायला दर महिन्याला उपाशीपोटी हात पुढे करताच ना तुम्ही? मग या तेलानंच काय घोडं मारलंय?”