टर्बो आणि राणीसाहेबांची वामकुक्षी

“इंजिन असं गरजलं पाहिजे, की समोरच्या डोंगरावरची गुरं चरायची थांबतील!” मानाजीराजे म्हणाले. “आणि राणीसाहेबांची दुपारची झोप मात्र मोडता कामा नये!”

वेणू पांचाळचा पाना हातातच राहिला.

राजांची लाल, टर्बोवाली स्पोर्ट्स कार आता दमली होती. रोज दुपारी राजवाड्याच्या ओसरीवर पत्त्यांचा डाव बसे आणि पाहुणे चिडवत, “राजे, ही गाडी आहे की शिवणयंत्र?” राजांना ते फार झोंबलं. इंजिन उतरवून नव्याने बांधायचं, ताकद वाढवायची आणि भर दुपारी पाहुण्यांच्या देखत गाडी ओसरीसमोरून धडाडत न्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

पण ओसरीच्या बरोबर वर राणीसाहेबांचा महाल होता. मागे एकदा गाडीच्या आवाजाने त्यांची वामकुक्षी मोडली, तर आठवडाभर राजांच्या ताटात नुसती मुगाची खिचडी आली होती. लोणचंसुद्धा नाही!

“सरकार, आवाज दाबला तर जोर जातो,” वेणू म्हणाली. “आणि जोर वाढवला तर…”

“ते मला सांगू नकोस! मी राजा आहे, मेकॅनिक नाही!”

“ते ऑइलचा रंग बघूनच कळलं, सरकार.”

राजांच्या मिशा थरथरल्या. “जीभ फार चालते तुझी! हात तेवढेच चालू देत. जमलं नाही तर पागा रिकामी कर. मला तिथे मोर पाळायचेत.”

राजवाड्यामागच्या त्या जुन्या पागेतच वेणूचं गॅरेज होतं. वडिलांमागे ते तिनेच उभं ठेवलं होतं. आता तिथे मोर नाचणार? छे!

ती कामाला लागली. साखळीच्या कप्पीने इंजिन वर उचललं, सुटं केलं, भाग न् भाग घासून मांडला. सिलिंडरना ओरखडे पडले होते, ते घासून गुळगुळीत करून आणले. झिजलेले पिस्टन काढून नवे, मजबूत बसवले. टर्बोचा पंखा, जो इंजिनाच्याच धुराच्या झोताने फिरतो आणि जास्तीची हवा आत कोंबतो, तो आणखी मोठा घातला. ती तापलेली हवा गार करायला पुढे रुंद जाळी लावली. इंजिन पुन्हा गाडीत बसलं. तिने चावी फिरवली आणि पागेच्या छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली.

ताकदीचं काम फत्ते. झोपेचं काय?

महालाच्या खिडक्यांना जाड पडदे लावून बघावेत, म्हणून वेणू माप घ्यायला वर गेली. राणीसाहेब पलंगावर टक्क जाग्या होत्या.

“माफ करा, राणीसाहेब! झोप मोडली का?”

“झोप कुठली? झोपायचं म्हणून पडते. कधी लागते, कधी नाही. खाली पत्ते, इथे पलंग. दुपारी दुसरं करायला आहे काय, सांग!” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “माहेरी होते तेव्हा वडिलांची जीप घेऊन घाट चढायचे मी.”

वेणूने मापाची पट्टी गुंडाळून खिशात टाकली.

“राणीसाहेब, नव्या इंजिनाला सुरुवातीला हळुवार पायाची माणसं लागतात. सरकारांचा पाय म्हणजे… आता मी काय बोलू?”

“मुसळ!” राणीसाहेब म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

मग दुपारी ओसरीवर पत्ते पिसले जात तेव्हा पागेमागच्या रस्त्याने लाल गाडी हळूहळू फिरू लागली. इंजिन मुरलं, तसा वेग वाढला. वेणूला शेजारी बसून दाराची मूठ घट्ट धरावी लागू लागली.

परीक्षेचा दिवस उजाडला. दुपारी ओसरीवर पाहुणे कान टवकारून बसले. राजे मिशीला पीळ देत उभे राहिले. पहिली फेरी गॅरेजचंच कुणीतरी मारणार, असं ते धरून चालले होते. वेणू हात बांधून पायरीशी थांबली.

आणि वळणामागून डरकाळी आली! कपबश्या थरथरल्या. पाहुण्यांच्या हातातले पत्ते खाली पडले. डोंगरावरच्या गुरांनी खरोखरच माना वर केल्या.

“वा! वा!” राजे ओरडले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा पडला. “अरे देवा! खिचडी!”

ते धोतर सावरत जिन्याने धावले. महालाचं दार हळूच लोटलं. पलंग रिकामा!

ते खाली आले तेव्हा पायऱ्यांशी करकचून ब्रेक लागला. धुळीच्या लोटातून डोक्याला रुमाल बांधलेल्या, काळा चष्मा लावलेल्या राणीसाहेब उतरल्या. गाल लालबुंद झाले होते.

“हे काय?” राजे म्हणाले. “वेणू! अट काय होती? राणीसाहेबांची झोप…”

“मोडली नाही, सरकार,” वेणू म्हणाली. “त्या झोपल्याच नाहीत, तर मोडेल कशी?”

मग राजांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते असे हसले की पाहुण्यांनाही इंजिनाचा विसर पडला.

“पागा तुझी! कायमची!” डोळे पुसत ते म्हणाले. “आणि गावच्या वेशीवर पाटी लागेल, राजघराण्याच्या गाड्या वेणू पांचाळ बांधते! चला राणीसाहेब, द्या चावी. आता आमची फेरी.”

राणीसाहेबांनी चावी मुठीत घट्ट धरली.

“अहो, मग आम्ही बसायचं कुठे?” राजांनी विचारलं.

“शेजारी,” राणीसाहेब म्हणाल्या. “आणि पट्टा बांधा!”