आवाजाचं वजन

"मग कमी काय राहिलं, चाचा?"

प्रल्हाद कोष्टीनं तिसऱ्यांदा विचारलं. मिरजेत निजामचाचांच्या दुकानात तो तीन वर्षं स्पीकर दुरुस्त करायला शिकत होता. त्याआधीचा डिप्लोमा वेगळाच, आणि त्याचा तोरा तर विचारूच नका! पण स्वतः बांधलेला पहिलाच स्पीकर मेला नुसता कुजबुजत होता.

उद्या सकाळी त्याच्या वडिलांचं शेवटचं कीर्तन. बुवांचा गळा थकलेला, देवळातला ॲम्प्लिफायरही बेताच्याच ताकदीचा. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला नाही तर म्हातारा खचेल, या धास्तीनं प्रल्हाद दुकानातून हलायला तयार नव्हता.

"काय काय केलंस?"

"चुंबक मोठं घातलं. कॉइल कुठं घासत नाही. कागदी कोनाला सरसाचे चार हात दिले."

"चार?"

"बाबाच म्हणाले, माझ्या आवाजाला आता वजन राहिलं नाही. म्हणून म्हटलं..."

चाचांनी कोनावर नखानं टिचकी मारून पाहिली.

"उकडतंय रे. जरा वारा घाल."

आता हे काय मध्येच! प्रल्हादनं पुठ्ठा उचलला.

"तो नको. हा घे." चाचांनी बुडाखालचा लाकडी पाट काढून दिला.

पाटानं वारा? पण गुरूपुढं बोलायची सोय नव्हती. दहा वेळा हलवून त्याचं मनगट भरून आलं. चाचांच्या दाढीचा केससुद्धा हलला नाही.

"वारा कुठाय?"

"पाटानं कसा येईल, चाचा?"

"का? जेवला नाहीस?"

"जेवलोय हो! पण सगळा जोर पाट हलवण्यातच..."

तो थांबला. हातातल्या पाटाकडं पाहिलं. ज्यानं हलून हवा ढकलायची, त्या सरसानं चकाकणाऱ्या कोनाकडं पाहिलं.

चाचांनी फडताळातून एक कोरा कोन काढून त्याच्या तळहातावर ठेवला. हातात काही आहे असं वाटेना.

"एवढा हलका?" प्रल्हाद पार गोंधळला. "आवाज चढेल, कबूल. पण खर्ज थोडा जाईल ना? बाबांना वजन हवंय आणि तुम्ही..."

चाचांनी सरसाचा कोन उचलून बाजूला ठेवला.

"मला काही कळेनासं झालंय, चाचा. मग वजन घालू तरी कुठं?"

चाचांनी त्याच्या हातातला पाट काढून घेतला, खाली मांडला आणि त्यावर पुन्हा बसले.

"वजन बुवा घेऊन येतील. तू वाटेतून बाजूला हो."